आत्यांची हिरडी

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळी आत्यांनी मला पडवीत हाक मारली आणि विचारलं, "उज्ज्वले, मिश्री लावली तर चालंल का गं? तुला त्यातलं कळतं."

अकरा वर्षांत त्यांनी माझं मत विचारण्याची ही पहिली वेळ. माझं नाव घेण्याचीही पहिलीच. त्यांचा वरचा ओठ सुजून नाकापर्यंत आला होता, गालावर हिरवट डाग पडला होता, आणि बोलताना निम्मी अक्षरं तोंडातच राहत होती. चार दिवस मिश्री न मिळाल्यानं त्यांचे हात बारीक थरथरत होते. मी हातातली पेजेची वाटी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, केराबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. कराडपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि त्या गावात आत्यांच्या हसण्याचं कौतुक त्यांच्या पन्नाशीपर्यंत चाललेलं. मिश्री लावणाऱ्या बाईचे दात काळे पडतात. आत्यांचे कसे कोण जाणे, पुढचे पांढरेच राहिले होते. त्या हसल्या की समोरची बाई आपोआप आपल्या तोंडावर पदर ओढायची.

माझे वरचे दात पुढे आहेत. ओठ मिटायला मला जरा जोर लावावा लागतो. लग्नात मी नाव घ्यायला तोंड उघडलं तर आत्या भर मांडवात म्हणाल्या, "मिट गं बाई, फोटोवाला पळून जाईल." सगळे हसले. माझा नवराही हसला. त्या दिवसापासून मी त्या घरात दाताळी झाले. दाताळे पाणी आण, दाताळे गुरांना वैरण टाक. माझी मुलगी बोबडं बोलायला लागली तेव्हा तिनंही मला एके दिवशी "दाताले" अशी हाक मारली. आत्यांनी तिला उचलून घेतलं आणि तिचे मुके घेतले. मी चुलीपुढे बसले होते. मला त्या दिवशी मरावंसं वाटलं, आणि मग वाटलं, आपणच का मरायचं?

पुढं काही वर्षांनी एका जत्रेहून येताना दिगंबरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मोटारसायकलवरून आत्या पडल्या आणि त्यांचे वरचे पुढचे तीन दात गेले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी त्यांच्या जखमा पुसत होते आणि आतून मला गुदगुल्या होत होत्या. आत्यांनी हसणं सोडलं. बायकांत बसणं सोडलं. कवळी लाव म्हटलं की म्हणायच्या, म्हातारीसारखं तोंडात खडखड करणारं काही मला नको. वर्ष असंच गेलं. मग धाकट्या महेंद्रचं लग्न ठरलं. तो पुण्यात कंपनीत होता, आणि मुलीकडचे इस्लामपूरचे, चांगले शिकले-सवरलेले. लग्न माघात धरलं. आत्या दोन दिवस जेवल्या नाहीत. बोळक्या तोंडानं मी विहिणीपुढं कशी उभी राहू, म्हणून रडल्या. त्या रडल्यावर महेंद्रनं त्यांना कराडला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि सोबत बाईमाणूस हवं म्हणून मला.

डॉक्टर ओसवाल बाई शांत होत्या, सगळं समजावून सांगायच्या. त्या म्हणाल्या, दात जाऊन वर्ष झालं, तिथलं हाड झिजून पातळ झालंय. त्यात पक्का दात बसणार नाही. हिरडी उघडून आत हाडाची पूड भरायची, वर पातळ पडदा घालायचा आणि हिरडी पुन्हा शिवून टाकायची. आतलं हाड धरायला सहा महिने लागतील, पण त्याची काळजी नको, ते त्याचं त्याचं धरतं. सगळा खेळ हिरडीचा आहे. ती वरून नीट मिटली, तर आठव्या आठवड्यात मी वरून तात्पुरते दात देते, लग्नात कुणाला कळायचं नाही. ती उघडली, तर आतलं सगळं वाया जाईल.

मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आजी, तंबाखू खाता का? खरं सांगा. तंबाखूनं हिरडीचं रक्त आटतं, जखम भरत नाही."

"न्हाई हो," आत्या म्हणाल्या. "आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा गावायचं न्हाई."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. तंबाखू खातात ते पुरुष, चुना मळून. मिश्री ही दात घासायची. ती तव्यावर तंबाखूचीच पानं जाळून करतात, पण पानं जळून काळी झाली की त्यातली तंबाखू गेली असं सगळ्यांचं मत. सकाळी तासभर आणि दुपारी तासभर बोटानं ती हिरड्यांवर चोळत बसायचं, याला कुणी व्यसन म्हणत नाही.

मला मात्र ठाऊक होतं. मी गावची आशा होते. तीन वर्षं मी सरकारी पिशवी खांद्याला लावून घरोघर हिंडत होते, गरोदर बायकांची नोंद करत होते, पोरांना डोस पाजायला नेत होते. त्या पिशवीत चित्रांची एक वही होती. तिच्यातल्या नवव्या पानावर तोंडात बोट घातलेली एक बाई होती, आणि खाली लिहिलं होतं की मिश्री ही तंबाखूच आहे. ते पान दाखवून मी गावातल्या बावीस बायकांची मिश्री सोडवली होती. आमच्या घरात मात्र माझ्या त्या पिशवीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. डॉक्टरीणबाई, असं दिगंबर चिडवायचा, तेवढंच.

ओसवाल बाईंनी कागदावर 'नाही' असं लिहिलं. मी स्टुलावर बसून ते बघितलं. तोंड उघडायला मला किती वेळ होता, ते मी नंतर पुष्कळदा मोजलं आहे. महेंद्र बाहेर फोनवर बोलत होता. सुई भरायला बाई उठल्या, मागं वळल्या, परत आल्या. मी ओठ मिटून बसले. मला त्याची सवय होतीच.

तरी तोवर माझं काही ठरलेलं नव्हतं. ठरलं ते तिसऱ्या दिवशी. मुलीकडचे याद्या करायला येणार होते. आत्या सुजलेल्या तोंडानं आतल्या खोलीत पडून होत्या, पण हुकूम तिथूनही सुटत होते. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की शेजारची रंजना चहा-फराळ बाहेर नेईल, मी परसात थांबायचं. मी कारण विचारलं नाही, तरी त्यांनी ते सांगितलं.

"पहिल्याच भेटीत तुझं तोंड नको."

माझ्या स्वयंपाकघरात मी केलेले पोहे रंजना ताटल्यांत भरत होती आणि मी परसातल्या दगडावर बसून बाहेरची हसणी ऐकत होते. विहीणबाईंनी थोरल्या सूनबाई दिसत नाहीत म्हणून विचारलंही. दिगंबर म्हणाला, ती माहेरी गेलीय.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मला विचारत होत्या की मिश्री लावली तर चालेल का.

"दात घासायला कुठं नको म्हणल्यात डॉक्टरीणबाई?" मी म्हणाले. "टाक्यावर चोळू नका. बाजूबाजूनं लावा, हळू."

"न्हाई ना काय हुयाचं?"

"झालं असतं तर मी सांगितलं नसतं का, आत्या?"

त्यांनी मान डोलवली. मी परसात गेले, तीन दगडांवर काळा तवा ठेवला आणि पानं टाकली. धूर डोळ्यांत गेला, ठसका लागला, तरी मी उठले नाही. पानं कोळशासारखी झाल्यावर वाटीच्या बुडानं चुरली, फडक्यातून गाळली आणि डबीत भरून त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली. इतकी मऊ मिश्री मी त्यांना आधी कधी करून दिली नव्हती.

बाकीची सेवा मी अशी केली की गावानं बघत राहावं. थंड पेज, कुस्करलेला भात, दुधात भिजवलेली भाकरी. गोळ्या घड्याळ लावून दिल्या. कोमट मिठाच्या पाण्याचा पेला मी स्वतः त्यांच्या ओठाला लावायची, आणि जोरात चूळ भरू नका, टाके ताणतील, असं बजावायची. बघायला आलेल्या बायका म्हणायच्या, केराबाई, नशीब काढलं. आत्या हुंकार भरायच्या आणि तर्जनी तोंडात घालायच्या.

पंधराव्या दिवशी टाके काढायला गेलो. ओसवाल बाईंनी ओठ उचलून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. हिरडीच्या कडा लाल आहेत, म्हणाल्या, एका जागी पांढरट पडलंय, इतक्या दिवसांत मिटायला हवं होतं. साखर तपासली, ती बरोबर निघाली. निम्मे टाके काढले, निम्मे ठेवले आणि आठ-दहा दिवसांनी परत या म्हणाल्या. सुपारी, गुटखा काही? आत्यांनी पुन्हा नाही म्हणून सांगितलं, आणि या वेळी जरा दुखावल्यासारखं सांगितलं.

त्या दिवशी सगळं थांबवता आलं असतं. मी जिन्यावरून उतरताना मनाशी म्हटलंही, की झालं एवढं पुरे, घरी गेल्यावर डबी उचलून टाकू. एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. आत्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "माझं दात बसलं की तुझंबी दाखवू बाईंना. तार लावून आत घेत्यात म्हणं."

हे त्या मायेनं बोलल्या की टोमणा मारला, ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हा मात्र मला एकच ऐकू आलं, की दात. माझ्या अंगाचा भडका उडाला. घरी गेल्यावर मी डबी उचलली, ती जवळजवळ रिकामी झाली होती, आणि पुन्हा भरून ठेवली. परत जायची तारीखही मी बोलले नाही. लग्नाच्या गडबडीत ती बाकीच्यांच्या ध्यानात राहिली नाही.

पाचव्या आठवड्यात त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला. एका दुपारी त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. थुंकीत पांढरे बारीक कण होते.

"हे वाळूसारखं काय गं?"

ते काय होतं ते मला दिसत होतं. बाईंनी भरलेली हाडाची पूड होती ती.

"भातातली कच असंल," मी म्हणाले.

त्यांनी हात पदराला पुसला. दोन दिवसांनी ताप भरला, ओठ पुन्हा फुगला, तेव्हा मी त्यांना कराडला नेलं. लग्नाला तीन आठवडे राहिले होते.

ओसवाल बाईंनी ओठ उचलला आणि दिवा जवळ ओढला. हिरडी मधोमध उघडी पडली होती, आतला पडदा करडा होऊन बाहेर डोकावत होता. सगळं काढून टाकावं लागेल, त्या म्हणाल्या, शेजारचे दोन दातही हलायला लागलेत, तेही जातील. लग्नात दात नाहीत. इतक्या ओल्या जखमेवर कवळीसुद्धा टेकवता येणार नाही. आत्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज आला नाही. मग बाईंनी त्यांची उजवी तर्जनी उचलून बघितली. नखाच्या कडेला काळं होतं.

"आजी, तुम्ही मिश्री लावता?"

"ती तर दात घासायची."

"अहो, मिश्री म्हणजे तंबाखूच. तीच जाळून करतात." बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमच्या गावात आशा नाही का? त्या घरोघर चित्रं दाखवून हेच तर सांगतात."

आत्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी साधी साडी नेसून आले होते, पिशवी घरी होती. मी कोण ते बाईंना माहीत नव्हतं. नोकरी, नवरा, गाव, सगळं मला एकदम समोरून जाताना दिसलं. आत्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना एकेका गोष्टीची संगती लागत होती, ती त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होती. मिश्रीची लागली, पेजेची लागली, आणि बहुतेक भातातल्या कचेचीही लागली. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"हाय की आशा," त्या म्हणाल्या. "लई हुशार पोरगी हाय. तिनं सांगितलं असंल. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

परतीच्या एसटीत मी रडले. मला वाटलं, त्यांनी मला वाचवलं. आपण काय माणूस आहोत आणि त्या काय आहेत, असं सगळं मनात येऊन मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. तोंडात कापसाचा बोळा होता, त्या बोलल्या नाहीत.

बोळा निघाल्यावर दुसऱ्या दिवशी बोलल्या. दिगंबर कामावर गेला होता, पोरगी शाळेत. आत्या पडवीत त्यांच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "मिश्री भाज."

मी म्हटलं, आत्या, आता नको, मी हात जोडते. त्या पुन्हा तेवढंच म्हणाल्या. मी भाजली. डबी त्यांच्यापुढे ठेवली तर त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"तू लाव."

मला आधी कळलंच नाही.

"तुझ्या दाताला लाव. मला दिलीस न्हवं? त्यात वाईट काय असतं तर तू दिली असतीस का?" पाच दात नसलेल्या त्या तोंडातून शब्द फसफसत येत होते, पण एकही अडत नव्हता. "का दिगंबरला सांगू? तुझ्या दवाखान्यातल्या म्याडमला सांगू? बस समोर."

मी बसले. नको म्हणायला मला तोंड नव्हतं. बोट बुडवलं, दातांना लावलं. तिखट, कडू, जळकं काहीतरी घशात उतरलं, डोकं गरगरलं आणि मी अंगणात जाऊन ओकले. परत आले तर आत्या तशाच बसल्या होत्या.

"पहिल्यांदा असंच हुतं," त्या म्हणाल्या. "सवय हुईल. लाव."

लग्न झालं. आत्या मांडवाच्या मागच्या रांगेत पदर नाकापर्यंत ओढून बसल्या. विहिणीच्या मानाला मला पुढं केलं, आणि मला हवं होतं ते सगळं मिळालं. नवी सून पाया पडली, फोटो निघाले, दाताळी म्हणून कुणी हाक मारली नाही. आत्यांनी त्यानंतर कधीच तशी हाक मारली नाही. त्या मला उज्ज्वला म्हणत. रोज सकाळी दिगंबर गेला की म्हणत, "उज्ज्वला, बस."

आठ वर्षं. मी समोर बसायची, त्या बघायच्या. किती वेळ लावायची ते त्या ठरवायच्या. स्वतः त्यांनी त्या दिवसानंतर मिश्रीला बोट लावलं नाही, आणि त्यांची हिरडी कशी छान भरली, गुलाबी, बाळासारखी. कवळी मात्र त्यांनी शेवटपर्यंत लावली नाही. मी तोंड धुऊन पिशवी उचलायची आणि घरोघर नववं पान दाखवत हिंडायची. बायका माझ्या दातांकडे बघायच्या, मग पानाकडे बघायच्या. बावीसपैकी किती जणींनी पुन्हा तवा ठेवला, ते मी विचारलं नाही.

शेवटच्या दोन महिन्यांत आत्या अंथरुणावर होत्या. वाचा गेली होती. तरी सकाळी मी पेज घेऊन गेले की त्या उजवी तर्जनी उचलून माझ्या तोंडाकडे करायच्या. मी डबी आणायची आणि त्यांच्या उशाशी बसायची. वारल्या त्या दिवशीही त्यांनी बोट उचललं होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत आली. पाहुणे अंघोळीला ओढ्यावर गेले, महेंद्र आणि त्याची बायको पुढच्या खोलीत निजली होती. आमच्याकडे सुतकात दहा दिवस घरात तवा ठेवत नाहीत. डबी दोन दिवसांपूर्वीच संपली होती, आणि सकाळपासून माझे हात थरथरत होते. मी स्वतःला सांगितलं की आता सुटलीस, आता बोलवायला कुणी नाही. असं सांगत सांगतच मी परसात गेले. तीन दगड मांडले, तवा ठेवला आणि पानं टाकली.

धुराच्या वासानं माझी मुलगी मागच्या दारात आली. ती अठरा वर्षांची होती. तिनं तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, आता कुणासाठी?"

पानं अजून पुरती जळायची होती, म्हणून मी चुलीत काटकी सारली.